मधली सुट्टी : वेळापत्रकातील समतेचा तास

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात भाषा, गणित, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव असे विषय आपापल्या चौकटींत मांडलेले असतात. या चौकटींच्या मधोमध एक आडवी पट्टी असते आणि तिच्यात ‘मधली सुट्टी’ एवढेच दोन शब्द लिहिलेले असतात. या पट्टीसाठी पाठ्यपुस्तक नाही, पाठटाचण नाही, परीक्षा नाही आणि प्रगतिपुस्तकात रकानाही नाही. शाळेचा इतिहास लिहिताना इमारतींची, निकालांची, देणगीदारांची आणि मान्यवरांच्या भेटींची नोंद होते. मधल्या सुट्टीची नोंद कोणी करीत नाही. माजी विद्यार्थी एकत्र जमले म्हणजे मात्र ज्या आठवणी सर्वांत आधी निघतात, त्या बहुधा याच वेळेच्या असतात.

आपल्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेत ह्या दुर्लक्षित वेळेविषयी लिहावे असे मला वाटले, याचे कारण केवळ स्मरणरंजन नाही. ज्या समाजाला शतकानुशतके शाळेच्या दारातच अडविण्यात आले, त्या समाजाचा शिक्षणाचा लढा वर्गात प्रवेश मिळाल्यावर संपला नव्हता. वर्गात बसू दिलेल्या मुलाला पाणी कोणी द्यायचे, त्याचा डबा कोठे ठेवायचा, त्याला खेळात घ्यायचे की नाही, हे प्रश्न पुढे उरलेच होते. आणि हे सर्व प्रश्न मधल्या सुट्टीतले आहेत. वर्गात समता पाठ म्हणून शिकविता येते. सुट्टीत ती पाळली जाते किंवा मोडली जाते. म्हणूनच खाऊ, पाणी, खेळ आणि मोकळा वेळ यांचा इतिहास, त्यामागचे शास्त्र आणि आजची स्थिती समजून घेणे पालकांच्या व शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

सुट्टीच्या वेळेचा हिशेब

आपल्याकडील बहुतेक प्राथमिक शाळांत दिवसातून दोनदा सुट्टी होते. पहिल्या काही तासिकांनंतरची लहान सुट्टी दहा-पंधरा मिनिटांची असते. पाणी पिणे आणि लघवीला जाऊन येणे यांतच ती संपते. दुपारची मोठी सुट्टी जेवणाची व खेळाची असते. या वेळा म्हणजे अभ्यासातून काढून दिलेली सवलत आहे, असा समज सर्वत्र आढळतो. कायदा तसे मानीत नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन, तर सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन ठरवून दिले आहे. भागाकार केला तर पाचवीपर्यंतच्या मुलासाठी दिवसाला सरासरी चार तास अध्यापन होते. पुढच्या वर्गांसाठी ते साडेचार तासांच्या आसपास जाते. मूल शाळेत त्याहून अधिक वेळ असते. या दोहोंतील फरकात परिपाठ, जेवण, विश्रांती आणि खेळ यांना सहज जागा आहे. याच परिशिष्टात पिण्याचे सुरक्षित पाणी, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, मध्यान्ह भोजन शिजविण्यासाठी स्वयंपाकघर आणि क्रीडांगण यांचाही समावेश आहे. सुट्टी नीट पार पडण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक सोयी कायद्याने शाळेच्या व्याख्येतच घातल्या आहेत, असे म्हणता येईल.

त्याआधी, 1989 साली संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या 31 व्या कलमात विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हा बालकाचा हक्क मानला गेला. भारताने 1992 साली या संहितेला मान्यता दिली. खेळणे हा हक्क आहे, हे वाक्य ज्यांच्या आजोबांना हक्क हा शब्दच परका होता, अशा आपल्या पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे.

विश्रांतीची गरज शरीरशास्त्रातही आहे. लहान मुलाचे जठर लहान असते. सकाळी खाल्लेले अन्न त्याला फार वेळ पुरत नाही. भुकेल्या मुलाचे डोळे फळ्यावर असले तरी मन तेथे नसते. सलग बसून ऐकण्याची त्याची शक्तीही मर्यादित असते. फिनलंडमधील प्राथमिक शाळांत प्रत्येक 45 मिनिटांच्या तासानंतर साधारण 15 मिनिटांची सुट्टी देण्याची जुनी प्रथा आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2013 साली सुट्टीविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. मुलाच्या शारीरिक, सामाजिक व बौद्धिक वाढीसाठी सुट्टी आवश्यक आहे, आणि शिक्षा म्हणून किंवा जादा अभ्यासासाठी ती काढून घेऊ नये, असा त्याचा आशय आहे.

हे सांगण्यासाठी आपल्याला फार दूर जाण्याची गरज नाही. सोण नावाच्या भिक्खूची कथा आपल्या धम्मसाहित्यात आहे. चालता चालता ध्यान करताना त्याने इतके कष्ट घेतले, की त्याचे पाय रक्तबंबाळ झाले आणि तरीही त्याला फळ मिळेना. तो पूर्वायुष्यात वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, की तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का, आणि फार सैल सोडल्या तर वाजते का? दोन्ही प्रश्नांना सोणाचे उत्तर नकारार्थी होते. प्रयत्नांचेही तसेच आहे, हे त्याला उमगले. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे वेळापत्रक आखताना ही वीणा डोळ्यांसमोर असावी.

पाणी आणि डबा : सुट्टीचा इतिहास

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट नेहमी जाणवते. आपल्या मुक्तिलढ्यातील मोठ्या घटनांचा पाण्याशी आणि अन्नाशी निकटचा संबंध आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यानंतर वीस वर्षांनी, 1868 साली, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शाळा आणि हौद ही एकाच विचाराची दोन कामे होती.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. त्याच महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या दुकानात जाऊन सर्वांदेखत चहा घेतला. हुकूम कागदावर राहू नये म्हणून त्या चहाच्या कपाची गरज होती.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शासकीय शाळेत प्रवेश घेतला. हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या आत्मकथनपर टिपणांत बाबासाहेबांनी शाळेतील दिवसांविषयी लिहिले आहे. बसायला घरून आणलेले गोणपाट वेगळे होते. तहान लागली तर इतर मुले गुरुजींना विचारून नळावर जात व स्वतः नळ सोडून पाणी पीत. लहानग्या भीमाला नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर तहान तशीच राही. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातील एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत नोंदलेला आहे. गुरुजींनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गात एकच गोंधळ उडाला. इतर मुलांचे खाण्याचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. ते विटाळू नयेत म्हणून मुले धावली आणि आधी डबे बाजूला केले.

हा प्रसंग आपण अनेकदा ऐकलेला आहे. पण शिक्षक म्हणून मला तो वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. गुरुजींनी बोलावले होते, म्हणजे शिक्षणाची संधी मिळाली होती. फळा आणि खडू यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग अडविला तो मधल्या सुट्टीच्या डब्यांनी. त्या मुलांना हे कोणत्याही पुस्तकातून शिकविलेले नव्हते. घरात, पाणवठ्यावर आणि सुट्टीत कोणाजवळ बसून खायचे, कोणाजवळ नाही, यातून ते शिकले होते.

1923 साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर शाळांचाही त्यात उल्लेख होता. तो ठराव अंमलात येईना, म्हणून 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह प्राशन केले. पुढे संविधानाच्या 15 व्या कलमाने सार्वजनिक विहिरी, तलाव, उपाहारगृहे यांच्या वापरातील भेदभाव निषिद्ध ठरविला आणि 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. शाळेच्या आवारातील साध्या नळाला हात लावणाऱ्या आपल्या मुलाच्या मागे हा एवढा इतिहास उभा आहे.

कलम लिहिले गेले म्हणून सवय लगेच मोडली, असे मात्र झाले नाही. माझ्या पिढीने सत्तरच्या दशकात खेड्यातील शाळेत सुकडी खाल्ली आहे. आमच्या गावच्या शाळेत सुकडीची रांग एकच असे. पण आमच्या वस्तीतली मुले रांगेच्या शेवटी उभी राहत आणि ओंजळीत सुकडी वरून टाकली जाई. तसे करा असे कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. आम्ही आपोआप मागे जात होतो, आणि त्यात काही वावगे आहे हे कळायलाही शिक्षण घ्यावे लागले.

खाऊपासून पोषण आहारापर्यंत

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत बसविली. ते वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. डॉ. बाबासाहेबांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 च्या आरंभी सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. राहण्याची व जेवणाची सोय झाली तरच गरिबाचे मूल शिकेल, हे या दोन्ही प्रयत्नांमागील साधे सत्य होते. आपले विद्यालय त्याच परंपरेतले आहे.

शासनाच्या पातळीवर हा विचार यायला वेळ लागला. मद्रास शहरात विसाव्या शतकाच्या विशीतच काही शाळांत मुलांना जेवण देण्याचा प्रयोग झाला होता. पुढे तमिळनाडूने तो राज्यभर नेला. देशपातळीवर 15 ऑगस्ट 1995 पासून प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराचा कार्यक्रम सुरू झाला. आरंभी आपल्याकडे हजेरी भरलेल्या मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळत. तो तांदूळ घरातील सर्वांच्या ताटांत वाटला जाई, शाळेतल्या भुकेचा प्रश्न तसाच राही. अन्नाच्या हक्कासाठी दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी आदेश दिला, की सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजविलेले अन्न द्यावे. तेव्हापासून शाळेच्या आवारात खिचडीचा वास दरवळू लागला.

आजच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. लहान गटासाठी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ व 50 ग्रॅम भाजी असे प्रमाण आहे. 2021 पासून या योजनेचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे झाले.

या योजनेतील एका आदेशाकडे आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यावे. 20 एप्रिल 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांतील व्यक्तींना प्राधान्य द्यावे. यामागे रोजगाराचा विचार होताच, त्याहून मोठा विचार एका पंगतीचा होता. आपल्या भगिनीने शिजविलेले अन्न सर्वांच्या मुलांनी खाणे, ही चवदार तळ्याच्या संगराची पुढची पायरी आहे. ती चढताना अडथळेही आले. दलित स्त्रीने शिजविले म्हणून मुलांना जेवू न दिल्याच्या बातम्या देशाच्या अनेक भागांतून येत राहिल्या आहेत. त्या वाचताना लक्षात येते, की मुले स्वतः होऊन ताट सारत नाहीत. त्यांना घरून तसे सांगितलेले असते. उलट जेथे शिक्षक स्वतः मुलांबरोबर पंगतीला बसतात, तेथे हा प्रश्न सहसा टिकत नाही.

खाऊच्या दर्जाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. चटकदार पुड्यांतील पदार्थ आता वस्तीपर्यंत पोहोचले आहेत आणि मुलाच्या हातात अशी पुडी देणे हे काही घरांत सुबत्तेचे लक्षण मानले जाते. अतिरिक्त मेद, मीठ व साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम 2020 साली देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने केला आहे. त्यापेक्षा भाजलेले फुटाणे, शेंगदाणे व गूळ, मोड आलेल्या मटकीची उसळ, उकडलेले अंडे, केळे, पोहे हा खाऊ स्वस्त आणि पौष्टिक आहे. उसळीवर लिंबू पिळले तर कडधान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी शोषले जाते. वाढत्या वयाच्या मुलींच्या बाबतीत ही माहिती प्रत्येक आईजवळ असावी.

आळवी येथील एका गरीब शेतकऱ्याची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. हरवलेला बैल शोधता शोधता तो उपाशीपोटी उपदेश ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले, आणि त्याचे पोट भरल्यावरच धम्म सांगितला. आपल्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या मावशींचे काम शिक्षकाच्या कामाआधी येते, ते या अर्थाने.

खेळ आणि मोकळा वेळ

शारीरिक शिक्षणाचा तास आणि मधल्या सुट्टीचा खेळ यांत फरक आहे. तासाला शिक्षक शिट्टी वाजवितात, गट पाडतात, नियम सांगतात. सुट्टीत हे सर्व मुलांना स्वतः करावे लागते. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, विटीदांडू, सागरगोटे, ठिक्करपाणी, गोट्या असे कितीतरी खेळ कोणत्याही साहित्याच्या खरेदीशिवाय चालतात. एक फुटलेले कौल आणि थोडी सपाट जमीन पुरते.

मुलांचे खेळ बारकाईने पाहिले तर त्यांत एक छोटी राज्यव्यवस्था दिसते. खेळ सुरू होण्यापूर्वी हात उलटे-सुलटे टाकून ‘सुटण्याची’ पद्धत असते. त्यात जात नाही, श्रीमंती नाही, पहिला नंबर नाही. शेवटी जो उरतो त्याच्यावर ‘राज्य’ येते. राज्य हा शब्द येथे मोठा गमतीचा आहे. ते मिळालेले कोणाला आवडत नाही, ते कायम कोणाकडे राहत नाही, आणि ज्याच्यावर आले त्याला ते इमानाने निभवावे लागते. नियमावरून भांडण झाले तर खेळ थांबतो, बाजू मांडल्या जातात, कधी नवा नियम ठरतो. फार भांडले तर खेळच मोडतो, हे प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे तडजोडही मुलेच करतात.

‘कच्चा लिंबू’ ही आपल्या खेळातील सर्वांत सुंदर तरतूद. लहान, अशक्त किंवा नवख्या मुलाला खेळात घेतले जाते, पण तो बाद होत नाही. थोडे दिवस असे खेळून तो पक्का होतो आणि मग त्याच्यावरही राज्य येऊ लागते. मागे राहिलेल्याला बरोबरीने आणण्यासाठी काही काळ विशेष संरक्षण द्यावे, हे तत्त्व समजायला मोठ्यांना वादविवाद करावे लागतात. आठ वर्षांची मुले ते मैदानात बिनतक्रार पाळतात. नागरिकशास्त्राच्या तासाला आरक्षणाचे तत्त्व समजावताना मी हेच उदाहरण देतो.

अर्थात मैदान म्हणजे काही आदर्श राज्य नव्हे. दांडगाई असते, टोपणनावांनी चिडवणे असते, आणि त्या नावांत कधी कधी जात डोकावते. म्हणून सुट्टीत शिक्षकाने खोलीत बसून राहू नये. पंच होण्याची गरज नाही. नजरेच्या टप्प्यात असले तरी पुरते. कोण रोज एकटा भिंतीला टेकून उभा असतो, कोणाला एकाही गटात घेत नाहीत, कोण पाणीच पीत नाही, हे शिक्षकाला मैदानातच कळते. मुलाविषयी हजेरीपटातून जे कळत नाही, ते या अर्ध्या तासात समोर येते.

मुलींची सुट्टी

सुट्टीची घंटा सर्वांसाठी एकदम वाजते, पण सुट्टी सर्वांना सारखी मिळत नाही. मुलगे मैदानाकडे धावतात, तेव्हा अनेक शाळांतून मुली ताटे पुसतात, पाणी भरतात, वर्ग झाडतात. मैदानाचा मधला भाग मुलांचा आणि कडेचा व्हरांडा मुलींचा, अशी अलिखित वाटणी झालेली असते. स्वच्छतागृह घाणेरडे किंवा दूर असले तर मुली दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. त्यातून डोकेदुखी आणि मूत्रमार्गाचे विकार होतात, आणि वर्गात ‘लक्ष नाही’ असा शेरा मिळतो.

याच्या जोडीला आणखी एक जुनी विषमता आहे. झाडलोट आणि संडास धुण्याचे काम ठरावीक वस्तीतल्या मुलांनाच सांगण्याची सवय काही ठिकाणी आजही आढळते. श्रमाला आमचा विरोध नाही, श्रमसंस्कार हवेच. परंतु श्रमाची पाळी सर्वांना, मुलगे-मुली आणि सर्व जातींना, क्रमाने आली पाहिजे. आणि ती सुट्टीचा वेळ खाऊन येता कामा नये. क्रांतिज्योती सावित्रीबाईंनी शेणमाती झेलून मुलींना वर्गात आणले. त्यांना मैदानाच्या मध्यभागी आणणे आपल्याकडे राहिले आहे.

निवासी शाळेतील मोकळा वेळ

दिवसाच्या शाळेतील मूल सुट्टीत डबा उघडते तेव्हा त्याला घर भेटते. निवासी शाळेतील मुलाला ते भेटत नाही. ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या किंवा शहरात मजुरीला गेलेल्या आई-वडिलांची मुले आपल्याकडे जूनमध्ये येतात, तेव्हा वर्गात ती गप्प बसतात आणि सुट्टीत रडतात. हातात काम नसले की घर आठवते. म्हणून पहिल्या महिन्यात नव्या मुलासोबत वरच्या वर्गातील एक दादा किंवा ताई जोडून देण्याची पद्धत फार उपयोगी ठरते. हा आधार बहुधा खेळातूनच मिळतो.

सर्वांना एकच ताट आणि एकच खाऊ ही निवासी शाळेची ताकद आहे. कोणाच्या डब्यात काय आहे, ही तुलना येथे संपते. तरीही मुलांच्या खिशांत लक्ष घालावे. चार वाजता मिळालेला राजगिऱ्याचा अर्धा लाडू धाकट्या बहिणीसाठी राखून ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना रागावू नये. दोघांना पुरेल एवढे मिळते, याची खात्री द्यावी.

निवासी शाळेत आणखी एक धोका असतो. पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत प्रत्येक मिनिट घंटेला बांधलेले असते. घरी राहणाऱ्या मुलाला नकळत मिळणारा रिकामा वेळ येथे मुद्दाम राखावा लागतो. त्या वेळेत मूल मुंग्यांची रांग पाहील, चित्र काढील, वाचनालयातील गोष्टीचे पुस्तक चाळील किंवा काहीच करणार नाही. या काहीच न करण्यालाही मुलाच्या वाढीत स्थान आहे.

अभ्यासाचा आग्रह आणि आपली जबाबदारी

येथे आपल्या समाजाच्या मनातील एक गाठ सोडविली पाहिजे. शिक्षणासाठी आपण इतके झगडलो, की मूल खेळताना दिसले की अनेक पालकांचा जीव तुटतो. शिष्यवृत्तीची परीक्षा, नवोदयची प्रवेशपरीक्षा, त्यांचे जादा तास आणि सराव प्रश्नपत्रिका यांसाठी सर्वांत आधी कात्री लागते ती सुट्टीला. गृहपाठ न केल्याची शिक्षा म्हणून मुलाला सुट्टीत वर्गात बसविले जाते. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त आपण अठरा तास अभ्यासाचे उपक्रम करतो. मोठ्या विद्यार्थ्यांसाठी ते प्रेरणादायी आहेत आणि ते चालू राहावेत. परंतु अठरा तास हा प्रौढ, ध्येयाने झपाटलेल्या विद्वानाचा दिनक्रम होता. तिसरीतल्या मुलाचे ते वेळापत्रक होऊ शकत नाही. ज्ञानाचा महासागर असलेल्या बाबासाहेबांनीही उत्तरायुष्यात व्हायोलिन हाती घेतले होते, याचा आपल्याला विसर पडू नये.

आपल्या मुलांना स्पर्धेत टिकायचे आहे, हे खरे. पण आत्मविश्वासाने बोलणे, गटात काम करणे, हरल्यावर पुन्हा उभे राहणे आणि अन्यायाविरुद्ध तोंड उघडणे या गोष्टी सराव प्रश्नपत्रिकेतून येत नाहीत. ज्या मुलाला लहानपणी सर्वांबरोबर हक्काने खेळायला मिळाले, ते पुढे कचेरीत किंवा महाविद्यालयात मागच्या रांगेत जाऊन उभे राहत नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी आपण सर्वांनी मिळून कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. शिक्षकांनी सुट्टी ही शिक्षेचे साधन करू नये आणि आठवड्यातून काही दिवस तरी मुलांच्या पंगतीत बसून जेवावे. पालकांनी भेटीच्या दिवशी गुणांबरोबर ‘तू कोणाबरोबर खेळतोस, कोणाबरोबर जेवतोस’ हेही विचारावे आणि पुड्यांऐवजी फुटाणे-शेंगदाणे आणावेत. शाळा समितीने पाण्याच्या नळांची संख्या, मुलींची स्वच्छतागृहे आणि मैदानाची सपाटी यांचा विचार नव्या खोलीइतकाच गांभीर्याने करावा. माजी विद्यार्थी देणगी देताना संगणकाचा विचार करतात, ते योग्यच आहे. त्यासोबत दोन लगोऱ्या, चार दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, सावलीसाठी कडुनिंबाची व करंजाची रोपे आणि वाचनालयासाठी गोष्टींची पुस्तके द्यावीत.

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण तथागत बुद्धांच्या धम्मातून घेतली, असे बाबासाहेबांनी सांगितले आहे. प्राथमिक शाळेतील मुलाला या शब्दांचे अर्थ पाठ करून घेता येतील. त्यांचा अनुभव मात्र एका नळावर, एका पंगतीत आणि एका मैदानातच येईल. तो अनुभव देणारा अर्धा तास आपल्या वेळापत्रकात अबाधित राहावा, यासाठी आपण सर्व दक्ष राहू या.

जयभीम! नमो बुद्धाय!